एक्झोम रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सीएएच नाही असं होत नाही

ताई, उत्तर जरा लांब होणार आहे कारण तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन-चार प्रश्न आहेत आणि त्यातला एक आजच्या आज निकाली काढायला हवा.

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमच्या मुलाला जन्मानंतर चौदाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, दूध ओढेना, वजन जन्माच्या वेळेपेक्षाही खाली गेलं, सुरुवातीला पोटाचं इन्फेक्शन म्हणून उपचार झाले, मग रक्तात सोडियम ११२ आणि पोटॅशियम ८ निघालं आणि धावपळ झाली. १७-ओएचपी, म्हणजे या आजारात रक्तात साठणारं हार्मोन, २०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं, डॉक्टरांनी सीएएच म्हणजे कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया सांगितलं, हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू झालं आणि बाळ सावरलं. आता तो दोन वर्षांचा आहे, छान वाढतोय. दुसऱ्या बाळाचा विचार म्हणून तुम्ही एक्झोम टेस्ट (जीन्समधले प्रोटीन बनवणारे भाग वाचणारी तपासणी) केली आणि रिपोर्टमध्ये लिहून आलं की लक्षणांशी जुळणारं काही सापडलं नाही. तेव्हापासून सासरच्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे की जीनमध्ये दोष नाही म्हणजे आजार नाही, मग पोराला जन्मभर स्टिरॉइड कशाला. शिवाय तुमचं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय आणि धाकट्या दिरासाठी घरातलीच, तुमच्या काकांची मुलगी बघतायत.

सगळ्यात आधी, गोळ्या बंद करायच्या नाहीत. एक दिवसही नाही. सॉल्ट वेस्टिंग, म्हणजे शरीरातलं मीठ वाहून जाणाऱ्या प्रकारचा, सीएएच असलेल्या मुलाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन बनवू शकत नाहीत, ती कमी आपण गोळीने भरून काढतो, म्हणजे आपण त्याला जास्तीचं स्टिरॉइड देत नाही, शरीर जे स्वतः बनवायला हवं होतं तेवढंच देतो. गोळ्या बंद केल्या आणि चार दिवसांत साधा ताप किंवा जुलाब झाले तर चौदाव्या दिवशी जे झालं तेच पुन्हा होईल आणि या वेळी हॉस्पिटलला पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. त्या वडीलधाऱ्यांची काळजी प्रेमापोटीच आहे, पण त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता एक्झोम निगेटिव्ह का आली. मला हे इतक्या वेळा समजावून सांगावं लागतं की आता मी टेस्ट लिहून देतानाच सांगतो. सीएएचच्या साधारण ९५ टक्के केसेसमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम कमी पडतं, आणि ते बनवणारं जीन आहे सीवायपी२१ए२. हे ६ नंबरच्या क्रोमोझोमवर आहे. अडचण अशी की याच्या शेजारीच, डीएनएच्या जेमतेम ३० हजार अक्षरांच्या अंतरावर, याचीच एक बिघडलेली प्रत बसलेली आहे, तिला सीवायपी२१ए१पी म्हणतात, शेवटचा पी म्हणजे स्यूडोजीन. एक्झॉनमध्ये, म्हणजे जीनच्या प्रोटीन बनवणाऱ्या भागांत, दोघांची अक्षरं ९८ टक्के सारखी. स्यूडोजीन एन्झाइम बनवत नाही कारण त्यात ठिकठिकाणी बिघाड आहेत, आणि सीएएचच्या बहुसंख्य पेशंटच्या खऱ्या जीनमध्ये जे म्युटेशन म्हणजे बदल सापडतं ते याच शेजारच्या प्रतीतून उचलून आलेलं असतं. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना दोन्ही क्रोमोझोम एकमेकांसमोर येतात तेव्हा इतकी सारखी अक्षरं असल्यामुळे जुळणी चुकते, मग कधी छोटासा तुकडा इकडून तिकडे कॉपी होतो, कधी मधला ३० हजार अक्षरांचा अख्खा भागच गळून जातो आणि उरतं ते अर्धं स्यूडोजीन अर्धं खरं जीन असं जोडून तयार झालेलं निकामी जीन.

एक्झोम टेस्टमध्ये मशीन डीएनए सलग वाचत नाही. त्याचे शेदीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि मग कॉम्प्युटर प्रत्येक तुकडा कुठला ते ठरवून जागेवर बसवतो. समजा एकाच पानाच्या दोन झेरॉक्स आहेत, एक स्वच्छ आणि एक डाग पडलेली, दोन्ही फाडून तुकडे एकत्र केले आणि आता सांगितलं की वेगवेगळी जुळवा, तर डागाचा तुकडा हातात आला की तुम्ही तो डागवाल्या पानातच लावणार. कॉम्प्युटरही तेच करतो. तुमच्या मुलाच्या खऱ्या जीनमध्ये जो बिघाड आहे तो स्यूडोजीनसारखाच दिसतो, म्हणून तो तुकडा स्यूडोजीनच्या खात्यात जातो आणि खऱ्या जीनमध्ये काही सापडलं नाही असं रिपोर्ट म्हणतो. आणि समजा खरं जीन पूर्ण गळालेलं असेल तर तिथे तुकडेच नसणार, पण स्यूडोजीनचे काही तुकडे चुकून तिथे बसतात आणि जागा भरलेली दिसते.

यात आणखी एक भर. आपल्याकडच्या पेशंटमध्ये वारंवार सापडणारं एक म्युटेशन आहे, आय२जी, म्हणजे दुसऱ्या इन्ट्रॉनमधला (दोन एक्झॉनच्या मधल्या भागातला) बदल. तो एक्झॉनच्या कडेपासून १३ अक्षरं आत आहे. एक्झोमचा मुख्य भर एक्झॉनवर आणि त्याच्या अगदी कडेच्या काही अक्षरांवर असतो, त्यामुळे हा बदल नेमका त्या सीमेवर येतो. तुमच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मर्यादा लिहिलेल्या असतील, तिथे स्यूडोजीन असलेली जीन्स या टेस्टमध्ये नीट तपासता येत नाहीत असं वाक्य बहुतेक सापडेल. लॅबने लपवलेलं नसतं, पण ते पान कुणी वाचत नाही. काही लॅब आता या जीनसाठी वेगळं सॉफ्टवेअर वापरतात किंवा लांब तुकडे वाचणारी मशीन वापरतात, त्यांच्या रिपोर्टचं वजन वेगळं, पण साध्या एक्झोमवरून सीएएच नाही असं म्हणणं चूक आहे.

मग कुठली टेस्ट मागायची? लॅबला फोन करून स्पष्ट विचारा की सीवायपी२१ए२ जीनचं स्वतंत्र टेस्टिंग करता का, आणि त्यात दोन गोष्टी आहेत का. पहिली, लाँग रेंज पीसीआर करून सिक्वेन्सिंग. यात फक्त खऱ्या जीनलाच चिकटतील असे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरून आधी तेवढंच जीन वेगळं काढून वाढवतात आणि मग वाचतात, त्यामुळे झेरॉक्सची गल्लत होत नाही. दुसरी, एमएलपीए. ही टेस्ट अक्षरं वाचत नाही, मोजते, म्हणजे जीनच्या कुठल्या भागाच्या किती प्रती आहेत ते सांगते, त्यातून डिलिशन म्हणजे गळालेला भाग आणि जोडजीन सापडतं. फक्त सिक्वेन्सिंग केलं तर एका बाजूचं डिलिशन निसटतं आणि एकाच प्रतीतलं म्युटेशन दोन्हीकडे असल्यासारखं दिसतं. फक्त एमएलपीए केलं तर छोटे बदल निसटतात. दोन्ही लागतात. हे न करता नुसतं अ‍ॅड्रिनल पॅनल म्हणून पन्नासेक जीन्सची यादी दाखवणारं पॅकेज घेऊ नका, तेही बहुतेक त्याच एक्झोमच्या पद्धतीचं असतं.

आणि तिघांचं रक्त द्या. मुलाचं, तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं. पैसे वाचवायला फक्त मुलाचं देतात आणि मग रिपोर्ट अर्धवट राहतो. हे यासाठी की मुलात दोन म्युटेशन सापडली तर ती एक आईकडून एक वडिलांकडून आली आहेत, का दोन्ही एकाच क्रोमोझोमवर आहेत, हे आईवडिलांशिवाय कळत नाही. या जीनमध्ये एकाच क्रोमोझोमवर दोन-तीन म्युटेशन एकत्र बसलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण स्यूडोजीनमधून तुकडा आला की त्याच्याबरोबर चार बदल एकदम येतात. दोन्ही एकाच क्रोमोझोमवर असतील तर माणूस फक्त कॅरिअर असतो, म्हणजे बदल बाळगतो पण आजारी नसतो, आणि समोरासमोर असतील तर आजार असतो. क्वचित, साधारण शंभरात एखादवेळी, म्युटेशन आईवडिलांत नसतंच, मुलातच नव्याने झालेलं असतं, तेव्हा पुढच्या बाळाचं गणितच बदलतं.

अजून एक सापळा जो कॅरिअर टेस्टमध्ये लोकांना फार मनस्ताप देतो. क्यू३१८एक्स नावाचं म्युटेशन आहे, एन्झाइमचं काम पूर्ण बंद पाडणारं. पण काही लोकांच्या एका क्रोमोझोमवर सीवायपी२१ए२ च्या एकाऐवजी दोन प्रती असतात, एक चांगली आणि दुसरी हे म्युटेशन असलेली. अशा माणसाचं तेवढंच म्युटेशन तपासलं तर रिपोर्टमध्ये कॅरिअर असं येतं, खरं तर त्याच क्रोमोझोमवर चांगली प्रत हजर आहे, तो कॅरिअर नाहीये. म्हणून क्यू३१८एक्स सापडलं की प्रती मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही. नवीन नावपद्धतीत एक आकडा पुढे सरकलाय, म्हणजे रिपोर्टवर ३१९ दिसेल, गोंधळू नका, तेच आहे. आय१७२एन पण आता १७३ लिहितात.

एमएलपीए करताना शेजारच्या टीएनएक्सबी जीनचाही अंदाज येतो आणि तो नक्की लिहून मागा. हे जीन टेनासिन-एक्स बनवतं, सांध्यांभोवतीच्या आणि त्वचेतल्या टिश्यूसाठी लागतं. डिलिशन मोठं असेल तर ते सीवायपी२१ए२ संपवून टीएनएक्सबीपर्यंत जातं, आणि अशा पेशंटला सीएएचबरोबर सांधे अति लवचिक असणं, ते निसटणं, सांधेदुखी असा त्रास होऊ शकतो. याला सीएएच-एक्स म्हणतात आणि सीएएचच्या पेशंटमध्ये साधारण दहात एकाला हे असतं असं परदेशातल्या मोठ्या गटांत दिसलंय. असं निघालं तर हृदयाची इको एकदा करून घ्यायची. आपल्याकडे हे क्वचितच कुणी विचारतं आणि मग मोठं झाल्यावर गुडघेदुखीसाठी वेगळ्याच डॉक्टरांकडे फेऱ्या होतात, म्हणून आवर्जून लिहितोय.

आता तुम्ही विचारलंय की जीन रिपोर्टवरून आजार किती कडक आहे ते कळतं का. टोकाच्या केसेसमध्ये बऱ्यापैकी कळतं. दोन म्युटेशनपैकी जे सौम्य असेल ते आजाराची तीव्रता ठरवतं, कारण जेवढं थोडं एन्झाइम शिल्लक आहे ते त्याच्याकडूनच येतं. डिलिशन, ८ अक्षरांचं डिलिशन, क्यू३१८एक्स, आर३५६डब्ल्यू यांत एन्झाइम जवळपास शून्य, म्हणजे सॉल्ट वेस्टिंग. आय१७२एनमध्ये एक-दोन टक्के उरतं, आणि एवढं किंचित उरलं तरी मीठ टिकवायला बहुतेकदा पुरतं, म्हणून अशा मुलांत बाळपणी क्रायसिस सहसा येत नाही पण हार्मोनचा परिणाम दिसतो, मुलींत जन्मतः आणि मुलांत दोन-चार वर्षांनी लवकर वाढ आणि केस यायला लागतात तेव्हा. व्ही२८१एल आणि पी३०एलमध्ये वीस ते साठ टक्के उरतं, हा नॉन क्लासिक म्हणजे सौम्य प्रकार, जो तरुण मुलींत पाळीच्या तक्रारी, पिंपल्स, चेहऱ्यावर केस म्हणून पुढे येतो आणि पीसीओएस समजून वर्षानुवर्षं चालतो. मधल्या म्युटेशनमध्ये, खास करून आय२जी मध्ये, अंदाज चुकतो, एकाच घरातल्या दोन भावंडांत फरक पडलेला दिसतो. म्हणून डोस कधीही जीन रिपोर्टवरून ठरवायचा नाही. डोस ठरतो उंचीच्या आलेखावरून, वजनावरून, बीपीवरून, १७-ओएचपी आणि अँड्रोस्टेनेडायोनवरून, रेनिनवरून, हाडांच्या वयावरून.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो, सगळ्यांना पटेल असं नाही. सीएएचचं निदान हे हार्मोनचं निदान आहे आणि जीन टेस्ट ही त्याची पुरवणी. दुसऱ्या आठवड्यात सोडियम पडलेलं, पोटॅशियम चढलेलं, १७-ओएचपी २०० च्या वर, वृषणाच्या पिशवीचा रंग काळपट, आणि औषधाने दोन दिवसांत सुधारणा, याला अजून पुरावा लागत नाही. जीन टेस्ट मी चार प्रसंगी करायला सांगतो. पुढच्या गरोदरपणासाठी, जसं तुमचं आहे. घरातल्यांच्या कॅरिअर टेस्टसाठी. हार्मोनचे आकडे मधल्या झोनमध्ये अडकलेले असतात तेव्हा. आणि रक्त न घेताच स्टिरॉइड सुरू झालेलं असतं तेव्हा, हे आपल्याकडे फार होतं, बाळ शॉकमध्ये येतं, जीव वाचवायला हायड्रोकॉर्टिसोन देतात आणि ते बरोबरच आहे, पण १७-ओएचपीचं सॅम्पल राहून जातं आणि नंतर आकडे औषधाने खाली आलेले असतात. हे वाचणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांना एवढीच विनंती की स्टिरॉइडच्या आधी दोन मिली रक्त काढून बाजूला ठेवा, टेस्ट नंतर ठरवता येते. गोळ्या बंद करून पुन्हा टेस्ट करणं धोक्याचं असतं, तिथे जीन टेस्ट कामाला येते कारण औषधाने जीन बदलत नाही.

मधल्या झोनबद्दल थोडं. साध्या सॅम्पलवर ठरत नसेल तर एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट करतात, या ग्रंथींना चालना देणारं इंजेक्शन देऊन तासाभराने १७-ओएचपी बघतात. १०० च्या वर गेलं तर क्लासिक म्हणजे तीव्र प्रकार, १० ते १०० मध्ये बहुतेक नॉन क्लासिक, १० च्या खाली सहसा आजार नाही, हे सगळं नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये. रिपोर्ट वाचताना युनिट बघा, काही लॅब प्रति डेसिलिटर देतात तिथे हेच आकडे शंभर पटीने मोठे दिसतात. परदेशात ज्या सिनॅक्थेन इंजेक्शनवर ही टेस्ट होते ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्टॉन प्रोलोंगॅटम वापरतात, त्यात रक्त घेण्याची वेळ प्रत्येक सेंटरची ठरलेली असते ती पाळायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळात आणि पहिल्या २४ तासांत १७-ओएचपी उगाचच जास्त दिसतं, त्यामुळे नवजात बाळाच्या स्क्रीनिंगमध्ये जास्त आलं म्हणजे आजारच असं नाही, पण त्याच दिवशी सोडियम-पोटॅशियम बघायलाच हवं.

आता पुढच्या बाळाकडे. तुम्ही दोघं कॅरिअर निघालात, आणि निघालच अशी दाट शक्यता आहे, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के कॅरिअर, २५ टक्के काहीच नाही. पहिल्याला झालं म्हणून पुढच्या तिघांना होणार नाही, असं ते चालत नाही, प्रत्येक वेळी गणित नव्याने सुरू होतं. तिघांचे रिपोर्ट हातात आले आणि नेमकं म्युटेशन कळलं की मगच गरोदरपणातली तपासणी शक्य होते, म्हणून हे दिवस राहण्याच्या आधी करा, नंतर धावपळ होते. ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशी घेऊन म्हणजे सीव्हीएस करून, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन ते म्युटेशन बघतात. ही तपासणी गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या सेंटरमध्येच होते, आनुवंशिक मेटाबॉलिक आजारासाठी कायदा तिला परवानगी देतो, आणि बाळाचं लिंग सांगितलं जात नाही, विचारूही नका. आयव्हीएफ करून भ्रूण तपासायचा मार्गही आहे, खर्चिक आहे, आणि या जीनसाठी लॅबने तुमच्या घराचा वेगळा सेटअप करावा लागतो.

तपासणी करायचीच का, हा निर्णय तुमचा दोघांचा, घरातल्या इतरांचा नाही. मी जोडप्यांना एवढं सांगतो की वेळेत कळलं तर हा औषधाने सांभाळता येणारा आजार आहे, मुलं शाळेत जातात, खेळतात, नोकऱ्या करतात, लग्नं होतात, आणि अनेक जोडपी तपासणी करतात ती गर्भ नको म्हणून नाही तर जन्माच्या दिवशी तयारी असावी म्हणून.

कुणी तुम्हाला गरोदरपणात डेक्सामेथासोन घ्यायला सांगेल, मुलगी असेल तर तिच्या बाह्य जननेंद्रियांवर परिणाम होऊ नये म्हणून. मी ते देत नाही. ते उपयोगी पडायचं तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरू करावं लागतं, तेव्हा बाळाला आजार आहे का आणि ते मुलगी आहे का यातलं काहीच माहीत नसतं, म्हणजे आठातल्या सात बाळांना विनाकारण स्टिरॉइड मिळतं. त्या सात बाळांच्या मेंदूवर आणि वाढीवर दूरचा परिणाम काय होतो याची खात्री नाही, आणि एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्येही याला प्रायोगिकच म्हटलंय, नेहमीची ट्रीटमेंट म्हणून नाही.

दिराच्या लग्नाचं विचारलंत ते चांगलं केलंत, हे लोक लाजेने विचारत नाहीत. तुमचे मिस्टर कॅरिअर असतील तर त्यांच्या सख्ख्या भावाला कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला आणि आत्यांकडून मिस्टरांना एकच म्युटेशन आलं असेल, जे आत्याच्या मुलाशी लग्नात बहुतेकदा असतं, तर तुमच्या काकांना शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलीला पाव. म्हणजे दोघंही कॅरिअर असण्याची शक्यता आठात एक, आणि बाळाला आजाराची बत्तीसात एक. बाहेरच्या मुलीशी लग्न केलं तर? आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता इथे एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली होती, त्यात ५७६२ मध्ये एक सीएएच निघालं, त्यावरून गणित केलं तर साधारण ३८ माणसांत एक कॅरिअर येतो. म्हणजे बाहेरचं स्थळ म्हणजे शून्य धोका असं नाही, पण तीनशेत एकच्या आसपास. लग्न मोडायची गरज नाही. आधी फक्त दिराची टेस्ट करा, घरातलं म्युटेशन माहीत असलं की ती सोपी आणि स्वस्त होते. तो कॅरिअर नसेल तर विषय तिथेच संपला, मुलीचं रक्तही घ्यायला नको. कॅरिअर निघाला तर मग मुलीची. आणि कॅरिअर म्हणजे आजारी नाही, त्याला काही औषध लागत नाही, हे घरात सगळ्यांसमोर नीट सांगा, नाहीतर नणंदेच्या स्थळाच्या वेळी हाच रिपोर्ट तिच्या विरोधात वापरला जाईल. दोष कुणा एका घराण्याचा ठरवू नका, म्युटेशन दोन्हीकडून आल्याशिवाय आजार सहसा होत नाही.

समजा, नीट टेस्ट करूनही सीवायपी२१ए२ मध्ये काही सापडलं नाही, तर? तुमच्या मुलाचे आकडे बघता मला तसं वाटत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहितो. १७-ओएचपी थोडंच वाढलेलं आणि बीपी जास्त असेल तर सीवायपी११बी१ बघायचं, त्या प्रकारात मीठ जाण्याऐवजी साठतं. मुलगा आहे, सोडियम पडलंय पण १७-ओएचपी कमी आहे, तर एनआर०बी१, हे एक्स क्रोमोझोमवर आहे आणि आईकडून येतं, मामांच्या पिढीत लहानपणी गेलेली मुलं होती का हे विचारायचं. थोड्या मोठ्या मुलाला अ‍ॅडिसन म्हणजे या ग्रंथी निकामी होण्याचा आजार निघाला आणि त्यामागे टीबी किंवा ऑटोइम्यून कारण सापडलं नाही तर व्हीएलसीएफए म्हणजे लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिडं तपासल्याशिवाय सोडायचं नाही, कारण तो अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असू शकतो, एबीसीडी१ जीनचा, आणि मेंदूवर परिणाम सुरू व्हायच्या आधी कळलं तर ठरावीक काळाने एमआरआय करून बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ गाठता येते. रडताना अश्रू येत नाहीत, गिळायला त्रास आणि कॉर्टिसोल कमी असं एकत्र दिसलं तर एएएएस हे जीन. या जीन्ससाठी मात्र एक्झोम चांगली चालते, तिथे झेरॉक्सची भानगड नाही, एबीसीडी१ चे थोडे तुकडे इतर क्रोमोझोमवर आहेत तेवढं लॅबला माहीत हवं.  

टेस्ट कुठे करायची तर आधी मेडिकल जेनेटिक्सच्या किंवा पीडियाट्रिक एंडोक्राइनच्या डॉक्टरांना भेटा, मुंबई-पुण्यात मिळतील, आणि त्यांच्याकडून रक्त पाठवा. रक्ताबरोबर एक कागद जोडायला सांगा ज्यावर १७-ओएचपी, सोडियम, पोटॅशियम, कुठल्या दिवशी घेतलं, नात्यातलं लग्न आणि आधीचा एक्झोम रिपोर्ट हे सगळं असेल. लॅबमधल्या माणसाला पेशंटची गोष्ट माहीत असली की तो शंकेची जागा पुन्हा बघतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मुलाच्या बाबतीत, ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट करायचा, उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि इंजेक्शनची एक बाटली घरात, एक प्रवासाच्या बॅगेत ठेवा. गावी जत्रेला किंवा लग्नाला गेल्यावर जवळच्या पीएचसीत दाखवायला मराठीत लिहिलेलं कार्ड बनवा, त्यावर आजाराचं नाव आणि डोस मोठ्या अक्षरात.

आणि गरोदरपणात काही तपासणी केली नाही तरी जन्माच्या दिवसाची तयारी आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेवा. जन्मल्या जन्मल्या नाळेचं रक्त जीन टेस्टला जाईल. ४८ तास झाले की १७-ओएचपी. मुलगी असेल आणि बाहेरून बघून शंका वाटली तर घाईने कुणीही मुलगा झाला म्हणून पेढे वाटू नयेत, आत गर्भाशय आणि अंडाशय नॉर्मल असतात, आधी सोनोग्राफी आणि कॅरिओटाइप (क्रोमोझोमची तपासणी) होऊ द्या. मुलगा असेल तर बघून सहसा काही कळत नाही, तुमच्या पहिल्याच्या वेळी तेच झालं होतं, म्हणून रिपोर्ट हातात येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी वजन आणि सोडियम-पोटॅशियम बघायचं, निदान पहिले तीन आठवडे, बाळ कितीही छान दूध पीत असलं तरी.